डिझेलात विझणारी काडी

कारंजा लाड,
फेब्रुवारी १९४७

प्रिय पंचफुला,

हे पत्र तुझ्या बाबांनी तुझ्या हातात दिलं असेल तेव्हा तुझा सव्वा महिना पुरा झालेला असेल. त्याआधी द्यायचं नाही असं आमचं ठरलं होतं. बाळंतिणीच्या कानावर वाईट घालू नये, दूध आटतं, असं आपल्याकडची सगळी माणसं मानतात, आणि मीही मानलं. पुंजाजी भाऊजी इंजिनाच्या कामाला मुंबईला गेलेत म्हणून लेकीला बघायला आले नाहीत, असं तुला सांगितलं, ते खोटं होतं. ते जिवंत आहेत. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागणार नाही. ते घरी आहेत, जेवतात, बोलतात, दोन्ही डोळ्यांनी त्यांना दिसतं. पण ते भाजले आहेत, पंचफुला. महिना उलटला तरी मला हे सारं दुसऱ्या कोणाच्या तरी घरचं वाटतं.

तू सातव्या महिन्यात आसेगावला गेलीस तेव्हा आपली मोटार शेडात बसून होती. लढाईच्या वर्षांत पेट्रोल कुपनावर, म्हणून तिला कोळशाच्या गॅसवर पळवलं आणि त्यात तिचं इंजिन गेलं. कारंजा ते मंगरूळपीर पुन्हा सर्व्हिस चालवायची तर नवं इंजिन हवं, आणि ते पेट्रोलचं की डिझेलचं, यावरून दोघा भावांची रोज ताटावर जुंपायची. तुझे भासरे, आमचे हे, म्हणायचे, “पेट्रोलची गाडी हँडलच्या एका झटक्यात जागी होते. तुह्या डिझेलले थंडीत उठवाले अर्धं गाव बोलवा लागन.” भाऊजी म्हणायचे, “अन् एकडाव उठलं का मंग? भरल्या मोटारीत चढावर कुरकुर करत नाही. दादा, पेट्रोल म्हंजे नखऱ्याची बाई, डिझेल म्हंजे राबणारी.” मी भाकरी वाढता वाढता म्हटलं, “राबणारी बाई धूर बी सोडते भाऊजी, ध्यानात ठेवा.” तेव्हा किती हसलो होतो आम्ही. आता त्या हसण्याचीही भीती वाटते.

भाऊजींच्या मनात खरी गोष्ट वेगळी होती. वाशीमच्या रस्त्यावर पेट्रोल पेटून एक मोटार जळाली, तेव्हापासून तू मोटारीत बसलीस की नाकाला पदर लावायचीस आणि उतरेपर्यंत कोणाशी बोलायची नाहीस. ते त्यांनी पाहिलं होतं. मला चुलीपाशी येऊन म्हणाले, “वयनी, तिले अन् लेकराले मी डिझेलच्याच गाडीत आनीन. ते पेटत नाही.” हे तुला लिहावं की नाही, मला कळत नव्हतं. लिहिलं, कारण उद्या कोणीतरी तिखटमीठ लावून सांगेलच. पण हे स्वतःवर घेऊ नकोस. माणसानं बायकोच्या भीतीचा विचार केला, यात बायकोचा कसला गुन्हा?

मग अकोल्याहून सैफुद्दीन मिस्त्री आला. मिलिटरीच्या मोटारी दुरुस्त केलेला, तोंडानं मोठा बोलका. त्यानं अंगणात माझी पितळी मागून घेतली, तीत डिझेल ओतलं, स्वतःची बिडी पेटवली आणि जळती काडी सरळ पितळीत टाकली. मी किंचाळले. काडी चुर्र करून विझली. “भाभी, घाबरता कायले? चाय में बिस्कुट डुबाया समझो,” असं म्हणून तो दात काढत राहिला. निकाल तिथंच लागला. त्यानंतर भाऊजींना त्या काडीचं वेडच लागलं. कापसाच्या जिनातल्या हमालांना दाखव, शेजारच्या दौलतसिंगला दाखव, मला तर दोनदा दाखवलं. प्रत्येक वेळी काडी विझली की लहान पोरासारखे माझ्या तोंडाकडे बघायचे.

इंजिन आलं त्याच आठवड्यात तुझ्या बाबांचा निरोप आला, मुलगी झाली. भाऊजींनी शेडात साखर वाटली, मिस्त्रीच्या तेलकट हातावरही ठेवली. जुनी टाकी उतरवताना तिच्या तळाशी थोडं पेट्रोल निघालं. आपल्या घरात पेट्रोलचा थेंब कधी वाया गेला नाही, हे तुला ठाऊकच आहे. कुपनाच्या दिवसांत तुझे भासरे नरसाळ्याला लागलेलं पेट्रोलसुद्धा निथळू द्यायचे. त्यांनी ते समोरच्या अर्ध्या भरलेल्या डब्यात ओतलं. डबा डिझेलचा होता. थोडं पेट्रोल मिसळलं तर इंजिन सकाळी लवकर उठेल, असं त्यांना वाटलं. आणि कोणाला सांगितलं नाही, कारण वादात हरले होते, आपलं पेट्रोल शेवटी कामाला आलंच याची मनातल्या मनात गंमत वाटत होती. एवढीच गोष्ट, पंचफुला. यापलीकडे त्यात काही नव्हतं.

शेलूबाजारच्या बाजाराच्या दिवशी मोटार पहिल्यांदा निघाली. बारशासाठी कापड घ्यायचं म्हणून मीही गेले होते. तिथं लोक मोटारीभोवती जमले, पण चढायला कोणी तयार होईना. इंजिनाचा आवाज नवा, वास नवा. रुपाबाई नावाची एक म्हातारी टोपलं घेऊन उभी होती. ती म्हणाली, “बापा, पेटत तं नाही ना हे?” भाऊजी हसले. “माय, तूच पाह्य नं.” त्यांनी मोटारीत मागं ठेवलेला तोच डबा काढला, चहावाल्याची थाळी घेतली, तीत ओतलं. सगळ्यांना नीट दिसावं म्हणून गुडघ्यावर बसले, आणि काडी पेटवून थाळीवर वाकले. मी दुकानासमोर उभी होते, हातात लाल छिटाचं कापड होतं. मला आवाज आठवत नाही. लोक म्हणतात भक्कन आवाज झाला. मला फक्त एवढं आठवतं की भाऊजींच्या जागी क्षणभर उजेड होता. मग चहावाल्यानं त्यांच्यावर पोतं टाकलं आणि माझ्या हातातलं कापड कुठं गेलं ते मला आजपर्यंत माहीत नाही.

अकोल्याच्या दवाखान्यात त्यांना ठेवलं. तुझे बाबा येऊन बघून गेले, आणि रडत म्हणाले, पोरीला कळू देऊ नका. सैफुद्दीन मिस्त्री आला, दाराशीच बसला, आत यायची त्याची हिंमत झाली नाही. सगळं गाव डिझेलला शिव्या देत होतं. तेव्हा तुझे भासरे खाटेपाशी उभे राहिले आणि सगळ्यांदेखत डब्याची गोष्ट त्यांनी सांगून टाकली. मला तोवर माहीत नव्हती. भाऊजींच्या तोंडावर पट्ट्या होत्या. आतून आवाज आला, “मंग ते डिझेल नव्हतंच नं दादा. इंजिन काढू नका.” त्या दिवसापासून तुझे भासरे त्यांना आपल्या हातानं घास भरवतात. भाऊजींचा उजवा हात अजून नीट मिटत नाही. ते निमूटपणे तोंड उघडतात. मोटार रोज रस्त्यावर धावते, चांगली धावते, आणि त्यात लोक खुशाल बसतात.

मोटारीचं ठीक झालं, पण माणसाचं तसं नाही. घरी आणलं त्या दिवशी मी आरसा उचलून धान्याच्या कोठीत ठेवला. पण लोकांची तोंडं कुठं ठेवू? जो येतो तो उंबऱ्यावरच श्वास आत ओढतो आणि मग मोठ्यानं म्हणतो, “काही नाही, काही नाही, भरून येईल.” दौलतसिंग तर पाणी न पिता परत गेला. पट्ट्या काढल्या तेव्हा माझाही हात तोंडावर गेला, आणि तो गेलेला भाऊजींनी पाहिला. आता त्यांना आरशाची गरजच नाही. परवा मी म्हटलं, पंचफुलाला आणायला मोटार पाठवायची ना? तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “कायले? तिले म्हना तिथंच राह्य. मी पैसे धाडत जाईन.” मी म्हटलं, “अन् लेकीचं तोंड नाही पाहाचं?” तर म्हणाले, “वयनी, तिनं माह्यं पाहिलं तर?”

म्हणून हे पत्र, पंचफुला. तुझ्या बाबांनी सगळं तोंडी सांगितलं असतं, पण पुढचं त्यांच्यानं बोलवलं नसतं, ते मीच लिहिते. नीट वाच. डाव्या भुवईची जागा गुळगुळीत आहे, तिथं आता केस येणार नाहीत. डावी पापणी खाली ओढली गेली आहे, झोपेतही डोळा पुरा मिटत नाही. गालाची कातडी लाल आणि वळ्यावळ्यांची झाली आहे. ओठाचा एक कोपरा वर चढलाय, त्यामुळे ते रागावल्यासारखे दिसतात, रागावलेले नसतात. डावा कान अर्धाच उरला आहे. आवाज तोच आहे. हे पुन्हा वाच. रड, पत्र फेकून दे, उचल आणि परत वाच. डोळे मिटून तो चेहरा इतक्या वेळा समोर आण, की त्याची सवय होईल. जेवढं दचकायचं तेवढं आसेगावला दचकून घे, तिथं तुला बघणारं कोणी नाही. यायचं की नाही हे तूच ठरव, मी तुला बळजोरी करणार नाही. पण आलीस तर लेकीला माझ्याजवळ दे आणि खोलीत एकटी जा. ते वळणार नाहीत. तू हाक मार, थांब, त्यांना वळू दे. आणि ते वळले की नजर हलवू नकोस.

तुझीच, जावेपेक्षा बहीणच म्हण,
गोजरा