आडवे माझे, उभे शहनाजचे

लिहून ठेवणार : मी, सत्यभामा विठ्ठलराव गावंडे, वय एकाहत्तर, धंदा पेन्शन, राहणार दारव्हा, जिल्हा यवतमाळ. हा कागद मी राजीखुशीनं, कोणाच्या सांगण्यावरून नाही, स्वतःच्या हातानं लिहिते आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे. मला वार, तारीख आणि मुलाचं नाव बरोबर सांगता येतं, असं त्यात लिहिलं आहे. भिंतीबद्दल त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

वकील राजदीप खंडारे म्हणाले, कलमांना आकडे घाला. मी रोज पेपरातलं शब्दकोडं सोडवणारी बाई. माझ्याकडे आकडे दोनच जातीचे, आडवे आणि उभे. मालमत्तेचं ते आडवं लिहिते. बाकीचं उभं.

आडवे १. बस स्टँडमागच्या गल्लीतलं राहतं घर माझ्या एकटीच्या मालकीचं आहे. स्टँडवरच्या चौकशी खिडकीत बसून मी जन्मभर माइकवर गाड्या पुकारल्या, त्या पगारातून ते घेतलं. माझे यजमान कैलासवासी विठ्ठलराव यांनी वास्तूच्या दिवशी पंगतीत वाढलं, तेवढा त्यांचा हातभार. हे घर माझ्यामागे माझी सून सौ. प्रेरणा गोपाल गावंडे हिला मिळावं. मुलगा गोपाल याला मिळू नये. कारण उभे ३ मध्ये आहे.

आडवे २. पोस्टातली ठेव आणि माझ्या गळ्यातली पोत गोपालला. त्यानं ती घ्यावी आणि राग सोडावा.

उभे १. आमच्या परसातल्या भिंतीपलीकडे शहनाज राहत होती. साड्यांना फॉल-पिको करायची. तिचे यजमान रहमतभाई स्टँडजवळ गाड्या दुरुस्त करायचे. दोन घरांत पेपर एकच, माझा. भिंतीतली एक वीट कधीतरी निसटली होती, त्या खिंडीतून पेपर जायचा. आडवे शब्द मी भरायचे, मग सुरळी करून पलीकडे सरकवायची. उभे शब्द ती भरायची आणि परत पाठवायची. मी छापील बाजू आत ठेवून सुरळी करते. ती बाहेर ठेवायची. हे लक्षात असू द्या.

शहनाजची मराठी कानानं शिकलेली. कोड्यात 'मला' आलं की ती 'मले' लिहायची. 'कशाला' आलं की 'कायले'. चौकटी तितक्याच लागतात, म्हणून तिला ते पटायचं. पण माझे आडवे शब्द बिघडायचे. एकदा तिच्या 'मले'नं माझं 'लाकूड' नासवलं, 'लेकूड' झालं.

मी भिंतीवरून ओरडले, "शहनाज, लेकूड म्हणजे काय वं?"

"तुह्या चुलीत जळते ते!"

"अवं, 'मला' लिवत जाय."

"मला कोन बोलते इथं? तूच एक, ते बी माइकवर. घरी तं 'मले'च म्हणते नं?"

खरं होतं. मी तोंडानं 'मले' म्हणते. कागदावर मात्र आजवर कधी लिहिलं नाही. खिडकीतल्या नोकरीनं लागलेली सवय आहे.

कोडं पुरं झालं की मी त्याचा फोटो आमच्या 'कोडं कट्टा' या ग्रुपवर टाकायची. नियम असा की चहा झाल्याशिवाय कोणी उत्तर टाकायचं नाही. पांढरकवड्याचे धावजी राठोड हा नियम मोडतात. हे इथं लिहून ठेवते, म्हणजे माझ्यामागेही त्यांना लागत राहील.

उभे २. मागच्या उन्हाळ्यात शहनाज गेली. मशीनवर बसल्या बसल्या छातीत कळ आली. चाळिसावा दिवस झाल्यावर रहमतभाई मुलीकडे राहायला निघाले. किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "भाभी, घर तुमच्या भरोशावर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आडवे शब्द भरले आणि सवयीनं पेपर खिंडीत सरकवला. सरकवल्यावर आठवलं, आता पलीकडे कोणी नाही. ओढून घ्यायला हात पोचला नाही. राहू दिला.

त्याच्या पुढच्या सकाळी तो पेपर माझ्या बाजूला आला होता. सुरळीची छापील बाजू बाहेर. उभ्यांपैकी एकच शब्द भरलेला. सूचना होती 'स्वतःस', अक्षरं दोन. उत्तर लिहिलं होतं : मले.

मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. कोणाला काही सांगितलं नाही. महागावच्या बेबीताई मानकर यांनी लगेच विचारलं, "सत्यभामाबाई, हे 'मले' कोनं लिवलं? शहनाजची याद काढून राह्यल्या काय?" फोटो अजून ग्रुपवर आहे.

त्यानंतर रोज नाही, पण अधूनमधून एखादा शब्द येत राहिला. 'मैत्रीण' पाहिजे तिथं 'सहेली' आलं. एका रविवारी धावजींना बोलावून मी पलीकडचं कुलूप काढलं. मशीनवर धूळ, चुलीवर धूळ, अंगणात चिमण्यांची घाण. खिंडीखाली शहनाजचा बसायचा पाट होता. त्याच्यावर धूळ नव्हती. धावजींनी पाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "चाला बाई, लावा कुलूप." चहा न घेता गेले.

उभे ३. दिवाळीला गोपाल आणि प्रेरणा पुण्याहून आले. मी खिंडीपाशी उभी राहून बोलते, असं गोपालला गल्लीतल्या कोणीतरी सांगितलं होतं. मी बोलत नव्हते. सूचना वाचून दाखवत होते. पलीकडे चष्मा नसेल, असं मला वाटायचं.

"आई, भिंतीले छेद चांगला नाही. साप येईन, इंच्चू येईन."

"इतक्या वर्षात नाही आला. आताच काहून येईन?"

"लोक काय म्हणून राह्यले, तुले माहीत नाही."

संध्याकाळी त्यानं गवंडी आणला आणि खिंड सिमेंटनं बुजवली. आमच्या बाजूनं. सकाळी मी पेपर घेऊन गेले तर त्या सिमेंटवर बोटानं ओढलेली तीन अक्षरं होती, ओली असताना ओढल्यासारखी : कायले.

मी सगळ्यांना हाक मारली. गोपालनं अक्षरं पाहिली, मग माझा हात धरून नखं पाहिली. नखात सिमेंट होतं. मी आधी अक्षरांवरून बोट फिरवून पाहिलं होतं, त्याचं ते असणार. तोवर सिमेंट वाळलं होतं की नव्हतं, हे मला आठवत नाही. खरं तेच लिहिते आहे.

"आई, हे तूच लिवलं."

"मी असती तं 'कशाला' लिवलं असतं."

तो आत जाऊन फोनवर यवतमाळच्या मेंदूच्या डॉक्टरांची चौकशी करू लागला. प्रेरणा भिंतीशीच उभी होती. पदर डोक्यावर घेऊन, घरात आलेल्या माणसासमोर घेतात तसा. ती हळूच म्हणाली, "आई, ते कोनं लिवलं ते राहू द्या. आता तिले उत्तर काय द्यायचं?"

म्हणून घर प्रेरणाला.

उभे ४. कोणी म्हणेल, म्हातारीनं स्वतःच का नाही फोडलं? छिन्नी घेऊन मी तीनदा गेले. पण खिंड उघडायची तर आधी ती अक्षरं फोडावी लागतात. ते माझ्यानं होत नाही. तेव्हापासून मी कोडं अर्धंच ग्रुपवर टाकते. आडवे भरलेले, उभे मोकळे. कोणी काही विचारत नाही. धावजीसुद्धा आता चहा होईपर्यंत थांबतात. रोज सकाळी पेपर आल्यावर पलीकडे पाट सरकल्याचा आवाज होतो. मग बराच वेळ काहीच नाही. कोणीतरी वाट पाहत असल्यासारखं.

उभे ५. हे सगळं काढून टाका, असं राजदीप यांनी हात जोडून सांगितलं. "बाई, गोपालनं दावा लावला तं कोर्ट म्हणेल बुद्धी ठिकाणावर नव्हती. घर जाईन त्याच्याकडे. तो विकून टाकीन, खिंड तशीच बुजलेली राहीन." मला ते कळतं. पण त्या 'कायले'चं उत्तर न देता घर दिलं, तर प्रेरणाच्या हाती काय दिलं? नुसत्या विटा. म्हणून काढलं नाही.

आडवे ३. माझी पेन्सिल, खोडरबर आणि भिंग प्रेरणाला. शब्दकोश बेबीताईंना द्यायचा होता, पण साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणतात. तो त्या आधीच घेऊन गेल्या आहेत आणि परत करत नाहीत, तेव्हा प्रश्न मिटला. कोडं रचणाऱ्या गृहस्थांना माझा निरोप द्यावा, की इंद्राच्या हत्तीला आता विश्रांती द्या.

उभे ६. घरासोबतची अट अशी. माझा तिसरा दिवस झाला की प्रेरणानं स्वतःच्या हातानं ते सिमेंट फोडावं. गवंड्याला बोलावू नये. फोडण्याआधी अक्षरांपुढं तोंडानं उत्तर द्यावं, की भिंत तुझ्यासाठी बुजवली नव्हती, पोरगं घाबरलं होतं. मग रोज आडवे शब्द भरून पेपर पलीकडे सरकवावा. उभे मोकळे ठेवावेत. रात्रभर थांबावं, वाकून पाहू नये. उत्तर आलं तर चूक काढू नये. तिथं आता दोघी असू. पाट एकच आहे, पण मले जागा होईल.

हा कागद मी साक्षीदारांना मोठ्यानं वाचून दाखवला, गाडी पुकारतात तसा, आणि दोघांच्या देखत खाली सही केली. त्यांनी माझ्या देखत केली.

ठिकाण : दारव्हा
दिनांक : ९ डिसेंबर २०२५

सही : सत्यभामा विठ्ठलराव गावंडे

साक्षीदार :
१. धावजी राठोड, राहणार पांढरकवडा
२. बेबीताई मानकर, राहणार महागाव

खाडाखोडीबद्दल : उभे ६ मधल्या शेवटच्या ओळीत 'मला' खोडून 'मले' केलेलं आहे. काल लिहून कागद टेबलावर ठेवला तेव्हा ते नव्हतं. ही दुरुस्ती माझ्या हातची नाही. मान्य आहे.

सही : स. वि. गावंडे