कोरडा टाक

दि. ९ मार्च

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

इकडे ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते तू होतीस तेव्हाही कुरकुरायचेच. दुकान चालू आहे. पिसाचे टाक आता कोण घेतं म्हणशील, तर सुलेखनवाले घेतात, आमंत्रणं हातानं लिहून देणारी एक बाई घेते आणि नाटकवाले घेतात. नाटकवाल्यांना नुसतं दाखवायला हवं असतं, तरी मी टोक नीटच कापतो. खोड जाते का!

उजव्या पंखाची पिसं डाव्या हाताला बसतात, हे तुला सांगायला नको. पूर्वी फेकायचो, आता वेगळी काढून ठेवतो. गिऱ्हाइकासमोर डाव्या हातानं लिहिलंस म्हणून मी तुझा टाक हिसकावून मोडला आणि तू घर सोडलंस, त्याला नऊ वर्षं झाली. मी विसरलोय असं समजू नकोस.

आई कशी आहे हे तू विचारशील, म्हणून आधी बाकीचं लिहीत बसलोय. ठके, आई गेली. सतरा दिवस झाले. तुला कळवायचं धाडस झालं नाही.

का झालं नाही तेही ऐक. डिसेंबरात तिनं अंथरूण धरलं. डोळ्यांनी दिसेनासं झालंच होतं. म्हणाली, "अहो, ठकीला पत्र लिहा, मी सांगते." ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. ये, भेट, वगैरे. मध्येच म्हणाली, "आता लिहा, तुझे बाबा चुकले." माझा हात अडला.

"लिहिताय ना? आवाज येईना."

सगळं आयुष्य या दुकानात गेलं तिचं. टाक चालतोय की थांबलाय, हे तिला भिंतीपलीकडूनही कळायचं. मग मी शाईत न बुडवता कोरडाच टाक कागदावर फिरवला. करकर ऐकून ती हसली. "बघा, एवढंच तर होतं," म्हणाली.

तसं अर्धवट पत्र पाठवायची लाज वाटली, आणि ते वाक्य लिहायची त्याहून जास्त. पत्र खणात राहिलं. तिला सांगितलं, टाकलं. मग रोज दाराशी चाहूल लागली की विचारायची, "ठकी आली का हो?" मी वर तोंड करून म्हणायचो, येईल, येईल.

शेवटच्या दिवशी म्हणाली, "नाही आली तरी तिला बोल लावू नका. तिचं मन अजून दुखत असेल." काही केलेलं नसताना तिनं तुला माफ केलं, ठके. मी उशाशी होतो. तेव्हा तरी खरं सांगायचं! जीभ रेटली नाही.

आईचं पत्र सोबत आहे. त्या ओळीच्या जागी नुसता ओरखडा आहे. आज तिथे शाईनं लिहायला बसलो होतो, पण ऐकायला ती नाही. म्हणून इथे लिहितो. मी चुकलो. माझं हे पत्र फाडलंस तरी चालेल, तिचं मात्र वाच. तिनं शेवटपर्यंत तुझी वाट पाहिली, आणि तुला ते ठाऊकच नव्हतं.

तुमची भेट होऊ न देणारा,
बाबा