बाराव्या चंद्राला नाव नाही

आई, तुला नात झाली. आज तिचा सहावा दिवस. गावाकडून मास्तरांच्या हातचं पत्र आलंय, बारशाच्या आत नाव कळव म्हणून. मी इथं पिंपरीला औषधाच्या कारखान्यात बाटल्या धुतो. ही चौथी नोकरी, कुठं बूड टिकत नाही माझं. रजा मिळायची नाही.

परवा दिवेलागणीला लॅबोरेटरीतल्या साहेबांनी कॉलनीच्या मैदानात दुर्बीण लावली होती. डोळा लावला तर गुरूच्या शेजारी चार ठिपके, एका ओळीत. ते त्याचे चंद्र. साहेब म्हणाले, एकंदर बारा सापडलेत. ज्याला सापडतो त्यानं नाव सुचवायचं, मग देशोदेशीचे विद्वान सभेत ते मान्य करतात, तेव्हा कुठं ते पक्कं. पण बारावा चार-पाच वर्षांमागं सापडला आणि शोधणाऱ्यानं नावच सुचवलं नाही. नुसता नंबर. मागं उभा असलेला आमचा मावळातला फिटर म्हणाला, "आत्या न्हाई वाटतं बिचाऱ्याला." सगळे हसले. मी खोलीवर निघून आलो.

माझ्या पोरीलाही आत्या नाही. अजून डोळ्यापुढं दिसतं: तू बाजेवर पडली आहेस, खाली शेगडीत ओव्याचा धूर, कुशीत माझी बहीण. मला जवळ ओढून कानात तिचं नाव सांगतेस. "बारशापर्यंत कुणाला बोलायचं नाही हं." मी सात वर्षांचा, गुपित मिळालं म्हणून छाती फुगलेली. नवव्या दिवशी ती गेली. बाया म्हणाल्या, बिननावाची गेली, माया लागली नाही ते बरं. तू भिंतीकडं तोंड केलंस. मला सांगायचं होतं की तिला नाव आहे. पण बारसं झालं नव्हतं, तू नको म्हणाली होतीस. वर्षभरात तूही गेलीस.

तेच नाव पोरीला द्यायचं ठरवून दुपारी कार्ड घेऊन बसलो. आणि आई, ते मला आठवेना. कधी कुणापुढं उच्चारलं नाही, ते कधी निसटलं कळलंच नाही. तुझा आवाज ऐकू येतो, शेगडीची धगही लागते, नाव तेवढं येत नाही. आता विचारू कुणाला?

शेवटी मनात आलं ते एक नाव लिहिलं आणि कार्ड पेटीत टाकून आलो. हा कागद ट्रंकेतच राहील. कार्डावर खाली लिहिलंय, हे नाव माझ्या आईनं ठरवलेलं आहे. खोटं आहे ते. तुझं म्हटल्यावर घरात कुणी मोडता घालणार नाही, म्हणून लिहिलं.