सतरा नंबरचा नमुना

३ जून

चि. छोटीस,
अ. उ. आ.

पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतोय. विद्यार्थी माझ्यावर गौरवग्रंथ काढताहेत. संपादिका माझीच जुनी विद्यार्थिनी, आता स्वतःची प्रयोगशाळा चालवते. फार हुशार नाही, पण कामसू. घरच्या कुणीतरी लिहावं असा तिचा हट्ट आहे, आणि घरचं म्हणजे आता तूच उरलीस. दोनच पानं पुरेत. जीभ जरा आवरून लिही, कुलगुरूही वाचणार आहेत. जुन्या फोटोंसाठी माझ्या खोलीतली दोन खोकी पाठवतोय. मला शोधायला वेळ नाही आणि तू घरीच असतेस.

डायलिसिस आठवड्यातून तीनदाच ना अजून? मीठ कमी खा. मूत्रपिंड बिघडायच्या दहा-पंधरा वर्षं आधी रक्तात वाढणारं प्रथिन ज्यानं शोधलं, त्याच्याच सख्ख्या बहिणीची मूत्रपिंडं गेली म्हणून विभागात लोक तोंड लपवून हसतात. मी तरी काय करणार!

लेख वेळेत यावा आणि माया आहे तशी राहावी.
दादा

१९ जून

ती. दादास,
शि. सा. न.

खोकी पोचली. फोटो बरे आहेत, फक्त सत्काराच्या प्रत्येक फोटोत तुझे डोळे मिटलेले आहेत. तळाशी एक निळी वही सापडली. ज्या शोधनिबंधानं तुझं नाव झालं, त्याची. तेव्हा तुला निरोगी माणसांचं रक्त हवं होतं आणि तू घरचे, शेजारचे, विभागातले शिपाई, कुणालाही सोडलं नव्हतंस. चाळीस जण होते. मी सतरावी. आमच्या जेवणाच्या टेबलावर, हाताखाली उशी देऊन, तूच सुई टोचलीस आणि वर म्हणालास, की हिच्या अंगात रक्तापेक्षा चहाच जास्त निघेल.

बाकी सगळ्यांचे त्या प्रथिनाचे आकडे तीन-चारच्या घरात आहेत. माझा अकरा. त्यावर लाल शाईची रेघ, शेजारी 'नमुना खराब' असा शेरा आणि तुझी सही. छापलेल्या निबंधात माणसं एकोणचाळीसच.

माझं काय निघालं, हे मी तेव्हा विचारलं होतं. घोड्यासारखी ठणठणीत आहेस, असं तू म्हणालास. पुढची तेरा वर्षं मी डॉक्टरची पायरी चढले नाही, कारण घरातला प्रोफेसरच सांगत होता. आता डॉक्टर म्हणतात, हा आजार आईकडून मुलीकडे गेलेला असू शकतो. माझी पोर चोवीस वर्षांची आहे. तिच्या काळजीनं माझी झोप उडालीय.

लेखाचं मग बघू. रेघ का मारलीस, ते आधी सांग. लोभाचं काय ते उत्तर आल्यावर ठरवू.
छोटी

२७ जून

चि. छोटीस,
अ. उ. आ.

तुझ्या पत्रानं डोकं उठलं. खोकी फोटो शोधायला दिली होती, वह्या चाळायला नाही. तो नमुना खराबच होता. तू हात आखडलास, रक्त नळीत नीट उतरलं नाही, पेशी फुटल्या. असला आकडा कुणीही शहाणा माणूस धरत नाही. तब्येतीची हेळसांड करायची तू आणि खापर फोडायचं माझ्या माथी, हे बरं आहे!

तरी मी मनात ठेवत नाही. उलट एक गोष्ट सुचली. तेव्हा अकरा आणि आज डायलिसिस! माझ्या सिद्धांताला याहून चांगला पुरावा शोधून मिळायचा नाही. समारंभातल्या भाषणात हेच सांगावं म्हणतो. संमतीपत्र सोबत आहे, खुणेच्या जागी सही कर. भाचीला माझ्याकडे घेऊन ये, तिचं मी बघतो. आणि वही परत पाठव.

राग आवरावा, लोभ वाढवावा.
दादा

६ जुलै

ती. दादास,
शि. सा. न.

नमुना खराबही होता आणि तोच उत्तम पुरावाही आहे. दोन्ही डगरींवर हात ठेवायची तुझी खोड जुनीच.

वहीतल्या त्या पानाच्या मागेही तू लिहिलंयस, ते विसरलास. 'क्र. १७, नव्यानं रक्त घेतलं. पुन्हा अकरा. आलेख बिघडतो. वगळावा. निबंध शुक्रवारी द्यायचा.' मग मलाही आठवलं. पहिली नळी हातातून पडली असं सांगून तू पंधरवड्यानं परत आला होतास. मी पुन्हा हात पुढे केला होता. आखडला नव्हता.

रेघ मारलीस त्याचं एक वेळ सोडून देईन. ठणठणीत म्हणालास, त्याची मला चीड येते. मी तुझी बहीण होते रे, तुझ्या आलेखावरचा ठिपका नव्हते.

पोरीला तुझ्याकडे आणणार नाही. तुझ्या त्या हुशार नसलेल्या विद्यार्थिनीकडे नेलं. आकडा नऊ आला. तिनं तीनदा तपासला आणि आम्हा दोघींना समोर बसवून सांगितला. औषध सुरू झालंय. वेळेत कळलं, बरंच वाचवता येईल, असं डॉक्टर म्हणतात. तेव्हा तुझा शोध खरा आहे, दादा. हे मी कुणालाही शपथेवर सांगेन.

संमतीपत्र परत पाठवतेय. सहीच्या जागी लाल शाईनं 'नमुना खराब' लिहिलंय. वही माझ्याकडेच राहील. लेख मात्र वेळेत दिला. वहीच्या त्या पानाच्या दोन्ही बाजूंची प्रत काल संपादिकाबाईंच्या हातात ठेवली. तू दोनच पानं पुरेत म्हणाला होतास, तेवढीच आहेत.

लोभ होता, एवढं कळावं.
छोटी