बिनमुठीची पटाशी

प्रिय पोरी,

तुझं पत्र पोचलं. ओळखीतल्या कुणालातरी लेथवर लाकूड कातायला शिकायचंय, खिसा बेताचा आहे, तर चांगली हत्यारं कोणती घ्यावीत, असं तू विचारलंयस. आमचा मुलगा गेला आणि तू नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेलीस, तेव्हापासून तुझी पत्रं म्हणजे आमच्या तब्येतीची चौकशी आणि औषधांची आठवण. माझ्या धंद्यातलं काही तू पहिल्यांदाच विचारलंस. मी वाचता वाचता ताठ होऊन बसलो. आता आठवडाभर हा माणूस जमिनीवर यायचा नाही, असं तुझ्या सासूचं म्हणणं.

तर ऐक. दुकानात मखमलीच्या पेटीत मांडलेला हत्यारांचा संच दिसेल. दिसायला झकास, भावही परवडणारा. तो घ्यायचा नाही. त्यातली दोन-तीन कामाला येतात, बाकी खोगीरभरती. पोलादही असं की धार लावताना चाकावर जरा जास्त टेकलं की निळं पडतं आणि त्याचं पाणी उतरतं. मग त्याने लोणी कापावं. त्यापेक्षा तेवढ्याच पैशात हायस्पीड स्टीलची सुटी हत्यारं घ्यावीत. ओबडधोबड लाकूड गोल करायला रुंद पन्हळीची पटाशी, वाडग्याचं पोट कोरायला जाड दांड्याची खोल पटाशी आणि नग कापून वेगळा करायला एक चपटं हत्यार. सुरुवातीला एवढं पुष्कळ झालं. जुनी मिळाली तर सोन्याहून पिवळं, वरचा गंज घासला की जातो. मात्र जुन्या कानशीची घरी बनवलेली पटाशी कुणी फुकट दिली तरी नको. कानस ठिसूळ असते, लेथवर तिचे तुकडे उडतात. आणि सगळे पैसे हत्यारांवर उधळू नयेत, धारेच्या चाकासाठी राखून ठेवावेत. बोथट हत्यार कितीही उंची असलं तरी काय चाटायचंय?

रुंद पटाशी वाडग्यात घालायची नाही, हे तुला सांगायला नको. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत आमच्या चिरंजीवांनी नव्या बायकोसमोर ऐट दाखवायला मला बाजूला सारलं आणि नेमकी तीच पटाशी घेऊन लेथवर उभे राहिले. पटाशी अडकली, वाडगा निसटला, वरच्या पत्र्यावर आपटला आणि सासूच्या वाळत घातलेल्या चादरीत जाऊन पडला. तो पांढराफटक, आणि तू भुश्शात बसकण मारून पोट धरून हसतेयस. पत्र्याला पडलेला पोचा मी अजून ठोकून सरळ केलेला नाही. काम करताना मान वर जाते आणि त्याची फार आठवण येते. तुझीही येते.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली. किमतीचं तू एकदाच विचारलंस, आणि इजा तर होणार नाही ना, हे पानापानावर. तर तोंडावर बांधायची पारदर्शक ढाल हत्यारांच्याही आधी घ्यायची. नाकाला मास्क, अंगात तोकड्या बाह्यांचा सदरा. एवढं पाळलं तर हे काम स्वयंपाकघरातल्या विळीइतकंच धोक्याचं. एकदा घरातलं माणूस हातचं गेलं की दुसऱ्याच्या साध्या खोकल्यानेही काळीज हलतं, हे मला कळतं. पण पोरी, भीतीपोटी कुणाला कामापासून अडवू नकोस, आणि स्वतःलाही कशापासून अडवू नकोस.

शेवटी तू लिहिलंयस की त्या ओळखीच्या माणसाचा उजवा अंगठा नीट वाकत नाही, थंडीत जास्तच आखडतो, तर पटाशी धरता येईल का. नुसत्या ओळखीच्या माणसाचा अंगठा थंडीत आखडतो हे कुणाला ठाऊक असतं गं? ते वाचून तुझी सासू म्हणाली, ही पोर ताकाला जाऊन भांडं का लपवते? मग आत गेली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, “तिला लिहा, आम्हाला काय वाटेल म्हणून एकटी राहू नकोस.” मला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून मी बाजारात जाऊन एक चांगली पटाशी घेऊन आलो. मुद्दामच बिनमुठीची. मूठ ज्याच्या त्याच्या हाताच्या मापाने कातायची असते, आणि न वाकणाऱ्या अंगठ्याचं माप पत्रातून घेता येत नाही. तेव्हा त्याला घेऊन ये. लग्न कधी करायचं ते तुम्ही दोघं ठरवा. फक्त आम्हा दोघांना मुलीकडचे म्हणून बोलाव.

तुझाच,
बाबा