अडीच तासांचं विमान

प्रिय ओचिर,

फाडायच्या आधी एकदा वाच, एवढी भीक घाल. तू नंबर बदललास आणि नवा मला द्यायचा नाही म्हणून सगळ्यांना शपथ घातलीस. शेवटी बसवाल्या लुवसानमामाचे पाय धरले, तर तो हसला. "बाई, माझ्या बसमध्ये कलिंगडं येतात, बकऱ्या येतात, आता भावाबहिणीचं भांडणही न्यायचं का?" पण उलानबातरमधलं तुझं टायरचं दुकान त्याला ठाऊक आहे. आज सोमवार. तो आत्ता आपल्या खोव्दहून निघतोय, बुधवारी संध्याकाळी हे तुझ्या हातात पडेल.

चौदाशे किलोमीटर. बाबांनी तीस वर्षं त्या रस्त्यावर ट्रक चालवला, पण कधी पोचणार ते एकदाही सांगितलं नाही. तू सहा वर्षांचा असताना केबिनमध्ये विचारलंस, "बाबा, किती वेळ राहिला?" आणि फाडकन मुस्काटात बसली होती. वेळ सांगितली की वाट चिडते, म्हणायचे. वाट सुखाची व्हावी म्हणून आई निघालेल्या ट्रकमागे दूध शिंपडायची आणि तीही विचारायची नाही. आपण त्यातच वाढलो. मी तर जरा जास्तच.

दोन वर्षांपूर्वी बाबा दवाखान्यात होते, तेव्हा तू फोनवर विचारलंस, "ताई, विमानाने येऊ की गाडीने? किती दिवस आहेत?" मी म्हटलं, "अशुभ बोलू नकोस, ये सावकाश." तू गाडी काढलीस, खिंडीत बर्फात अडकलास, तिसऱ्या दिवशी दुपारी पोचलास. बाबा सकाळीच गेले होते. अंगणात उभा राहून तू एवढंच म्हणालास, "अडीच तासांचं विमान होतं गं." मी म्हटलं, मला काय स्वप्न पडलं होतं? खोटं बोलले, ओचिर. डॉक्टरीणबाईंनी तुझ्या फोनच्या आधीच मला सांगितलं होतं, फार तर दोन दिवस. वाटलं, तोंडातून आकडा काढला नाही तर तो खरा होणार नाही. मूर्ख मी! आई अजून तुलाच दोष देते, "एवढा कसला राग धरायचा," म्हणते, आणि मी खरं न सांगता आपल्या खारट चहात मीठ ढवळत राहते.

आता मात्र सगळं उघड सांगते. आई तीन आठवडे अंथरुणाला खिळली आहे. त्याच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रविवार गाठणं कठीण. त्यातले दोन दिवस हे पत्रच रस्त्यावर खाणार. गाडीने निघू नकोस रे, पाया पडते. गुरुवारी सकाळी आठचं विमान आहे, तिकीट पाकिटात ठेवलंय. आपल्याकडची घड्याळं तासभर मागे, म्हणजे साडेनऊलाच उतरशील, एक तास फुकट मिळेल. माझं तोंड बघायचं नसेल तर मी शेजारी जाऊन बसेन. काल आयुष्यात पहिल्यांदा मी आईसमोर वेळ उच्चारली. म्हटलं, ओचिर गुरुवारी दहाला दारात असेल. वाटलं, कडाडेल. तिने उशामागच्या भिंतीकडे मान वळवायचा प्रयत्न केला. मग म्हणाली, "ते घड्याळ तिथून काढ. मला दिसेल असं लाव."

रागावलास तरी तुझीच,
सेवजिदताई