बटणं कोणत्या बाजूला?

तीर्थरूप ताई,

लांबूनच नमस्कार. (मागच्या खेपेला पाया पडलो तेव्हा तू "अरे, गुडघा, गुडघा!" म्हणून अशी ओरडलीस की अजून धसका आहे.) तब्येत कशी आहे? डाव्या गुडघ्याचं काय म्हणणं आहे? सूनबाई गोळ्या वेळेवर देतात आणि तू त्या वेळेवर उशीखाली सरकवतेस, ही बातमी भाच्याकडून कळली. इकडे सगळं ठीक. तुझ्या भावजयीचा खोकला गेला, दुकानातला पंखा गेला, आणि माझी अक्कलही मध्यंतरी गेली होती. त्याचीच हकिकत कळवायची आहे. फोनवर सांगितली असती, पण तू मध्येच हसायला लागतेस आणि मला पुढचं आठवत नाही.

तुला ठाऊकच आहे, हल्ली दुपारी दुकानात माशा मारत बसावं म्हटलं तरी माशासुद्धा रेडीमेडवाल्याकडे गेलेल्या असतात. धाकट्या लेकीने जाताना तिचा जुना कॉम्प्युटर कापायच्या टेबलावर ठेवला, "बाबा, नवे नमुने बघत जा" म्हणाली. नमुने बघितले. गळ्याचे सगळे प्रकार मला आधीच येत होते. मग एक जहाजाचा खेळ सापडला. कोळशावर चालणारी बोट, आणि ती तीन ठिकाणच्या तीन माणसांनी मिळून चालवायची. मी सुकाणूवर. खरं नाव तिथे कुणी सांगत नाही, म्हणून मी 'सुईदोरा'. बॉयलर आणि तोफ सांभाळतो तो 'लोखंडी भोपळा'. आणि डोलकाठीवर बसून चाचे कुठून येतात ते बघतं ते 'घुबड'. बोलणं सगळं टाइप करून. मी एका बोटाने करतो, त्यामुळे "डावीकडे", "कोळसा", "जेवण?" यापलीकडे माझी मजल जात नाही. (चाळीस वर्षं सुईत दोरा ओवला त्या बोटाला 'ज्ञ' सापडत नाही, याचं मला वाईट वाटतं.)

दोन वर्षं झाली. घुबडाची नजर म्हणजे काय सांगू! धुक्यात चाच्यांचं शीड आम्हाला दिसायच्या आधी "उजवीकडे, दोन" असं लिहून मोकळं. आणि मनही तसंच. तुझ्या भावजयीला ताप होता तेव्हा (मी "घरी ताप" एवढंच लिहिलं होतं) रोज दुपारी, बोट सुटायच्या आधी, "उतरला का?" म्हणून विचारणार. सख्ख्या व्याह्यांनी एकदा विचारलं, तेही चुकून दुसऱ्याला लावलेल्या फोनवर. ती उठून बसली तेव्हा मी तिला हे सांगितलं. तिला भरून आलं. म्हणाली, माझा नमस्कार कळवा. आणि लगेच, "पण भाऊजींना कळवू की वन्संना?"

मी चष्मा पुसायला घेतला. ती म्हणाली, "दोन वर्षं रोज बोलता आणि एवढं माहीत नाही?"

खरंच माहीत नव्हतं. आपल्या भाषेत माणूस नुसता येऊ शकत नाही, एक तर आला असतो नाहीतर आली असते. पण या घुबडाने दोन वर्षांत ना आलो लिहिलं, ना आले. "येणं जमलं." "जेवण उरकलं." "आज झोप झाली नाही." नावसुद्धा असं निवडलेलं की घुबड आलं, घुबड बसलं, काही पत्ता लागत नाही. एवढी काळजी घेतंय म्हणजे काही कारण असेल, हे शहाण्याला कळलं असतं. मला वाटलं, आपण शिंपी, आपल्याला काय अवघड? पुरुषाच्या शर्टाची बटणं उजवीकडे, बाईची डावीकडे. मी आपलं सहज विचारल्यासारखं लिहिलं, "तुमची बटणं कोणत्या बाजूला?" उत्तर आलं, "डोक्यातून घालायचा सदरा. बटणंच नाहीत."

मग मी म्हटलं, सदरा शिवून पाठवतो, मापं द्या. घुबडाने खांदा दिला, बाही दिली, उंची दिली. खांद्यावरून कुस्तीगीरही होईल आणि आपली थोरली काकूही. छातीचं माप विचारायला हात धजेना. (समोर उभं असतं तर टेप लावून मोकळा झालो असतो. न दिसणाऱ्या माणसाला विचारायचं म्हणजे तोंड लाल झालं, आणि कॉम्प्युटरसमोर कुणी नसताना झालं.) शेवटी एका दुपारी चाच्यांचं जहाज अंगावर येत असताना, ते बघायचं सोडून, मी सगळ्यांसमोर लिहिलं, "तुम्ही बाई की बुवा?"

घुबडाकडून ना उत्तर आलं, ना चाच्यांची दिशा. आम्ही बुडालो. दुसऱ्या दिवशी घुबड आलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. तो आठवडा आम्ही रोज खडकावर आपटत होतो.

भोपळ्याने मला एकट्याला गाठून झापलं. "असं विचारतात का हो?" आणि मग, ताई, भोपळ्याने लिहिलं, "मी स्वतः बाई आहे. बंदरात क्रेन चालवते." आधीच्या बोटीवर तिला असंच कुणी विचारलं होतं. तिने सरळ सांगून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून एक जण फोटो मागायला लागला, आणि बाकीचे तिला तोफ कशी भरायची ते शिकवायला लागले. ती तोफ भरण्यात त्यांच्यापेक्षा वरचढ होती. पण सगळ्यात वाईट काय, म्हणाली, तर लढाई आली की तिला "तुम्ही मागे थांबा" म्हणायचे. ज्याला सांगायचं असेल तो आपणहून सांगतो, नाहीतर माणूस चांगलं खेळतं एवढं आपल्याला पुरे, असं म्हणून ती कोळसा टाकायला गेली.

आणि मला, कापायच्या टेबलापाशी बसल्या बसल्या, साबणाच्या कारखान्यामागची भिंत दिसली गं. तू आजारातून उठलेली, केस बारीक कापलेले, थोरल्या दादाची खाकी चड्डी घातलेली. सगळी पोरं तुला 'धाकट्या' म्हणायची. मी चपला राखत बसायचो आणि तू भिंतीसमोर उभी राहून एकेक चेंडू असा अडवायचीस की तळहात लाल व्हायचे. घरी येऊन आईपासून हात लपवायचीस आणि माझ्याकडे बघून हसायचीस. मग त्या संध्याकाळी पहारेकऱ्याच्या बायकोने पाणी देता देता, अगदी मायेनेच, विचारलं, "तू मुलगी ना गं?" तुला जा म्हणून कुणीच म्हणालं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून पोरं चेंडू हळू टाकायला लागली. तू थोडे दिवस अडवलेस, मग एकदा चेंडू हातात धरून बघत राहिलीस, आणि तो माझ्याकडे देऊन घरी निघालीस. परत कधी गेली नाहीस. मला तेव्हा कळलंच नव्हतं, काय झालं ते. मला वाटलं तुझा हात दुखावला.

त्या दिवशी मी एका बोटाने, घाम गाळून, घुबडाला लिहिलं, "विचारणं चुकलं. उत्तर नको. तुमची जागा रिकामी आहे." पुढच्या सोमवारी घुबड हजर. माझं निम्मं आयुष्य परत आलं असं वाटलं. मी हात जोडायच्या बेतात, तर घुबडाने लिहिलं, "कसली चूक? घर बदललं, त्या दुपारी खेळतानाच लाइन कापली गेली. इंटरनेटवाला आज उगवला." म्हणजे मी आठवडाभर जेवलो नाही, तो इंटरनेटवाल्यापायी! माझा तो प्रश्न घुबडाने वाचलाही नव्हता. मग माझी माफी वाचून ते हसलं असावं. कारण लगेच पुढे आलं, "असं काय करता, मावशी?"

मावशी! शिवणटिपण, जेवणाची चौकशी, सदऱ्याची मापं, आणि दोन वर्षांत मीही कधी आलो म्हणालो नव्हतो, एका बोटामुळे. दोघांनी केव्हाचं ठरवून टाकलेलं. मी दुरुस्त करणार होतो. मग म्हटलं, राहू दे. दुपारभर कुणीतरी मावशी म्हणतंय, त्यात माझं काय बिघडलं? तुझ्या भावजयीने नमस्कार "घुबडाला" असा कळवला, तिकडून "वहिनींना" असा परत आला. आता ही वहिनी कुणाची, हे तीच ठरवत बसली आहे.

बाकी क्षेम. गोळ्या घे.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. एवढं लांबण लावायचं कारण असं की बोटीवर चौथं माणूस घेता येतं. मी दोघांना तुझ्याबद्दल सांगून बसलो आहे. "आमच्या घरचं एक माणूस आहे, हात पक्का आहे," एवढंच सांगितलं. भाऊ की बहीण ते त्यांनी विचारलं नाही. भाच्याला सांग, कॉम्प्युटर तुझ्या खिडकीपाशी लावून देईल. गुडघा लागत नाही. बुधवारी दुपारी वाट बघतो. नाही म्हणू नकोस.

ता. क. दुसरा. आलीस की लिहिताना जरा जपून. काल चाचे पळाले त्या आनंदात मी दोन्ही हातांनी "मी जिंकलो" असं लिहून बसलो. दोघांनी वाचलं. भोपळ्याने एक फावडं कोळसा टाकला. मग घुबडाने लिहिलं, "मावशी, सुकाणू सांभाळा."